सशाचं लंघन

मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. जनावर धरायचं, आडवं पाडायचं, जखम धुवायची, अळ्या काढायच्या, पट्टी बांधायची, औषध बांबूच्या नळीतून पाजायचं, हे माझं काम. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात आमचा दवाखाना होता, कौलारू, दोन खोल्यांचा, पुढं जनावर उभं करायचा लोखंडी खोडा. खरे डॉक्टर बाहेरगावाहून ठरलेल्या वारी यायचे. उरलेले दिवस माझं राज्य. लोक मलाच डॉक्टर म्हणायचे. "डॉक्टर, गाय उठत नाय वो!" अशी दारात हाक आली की मी भरल्या ताटावरून उठायचो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. बायको म्हणायची, "लोकांनी हाक मारली का तुमची कॉलर ताठ होते." होत होतीच.

तर त्या कॉलरपायी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं, की ससा तू मारलास. तो तिनं मारला नव्हता. मी मारला होता. हे तिच्या डोक्यातून काढायला मला पुढं जमलं की नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

पोटफुगीत माझा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. पावसाळ्यात कोवळं गवत अधाशासारखं खाऊन गाई-बैल फुगायचे. डावी कूस टम्म, डोळे बाहेर, तोंडाला फेस. मालकाच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. माझा इलाज ठरलेला होता. गोड्या तेलात हिंग घालून पाजायचं. मग अंगठ्याएवढ्या जाडीची काठी लगामासारखी तोंडात आडवी घालायची आणि दोन्हीकडून दोरीनं शिंगांना बांधायची. जनावर ती काठी चघळत बसतं, लाळ सुटते, कोंडलेला वायू तोंडावाटे निघून जातो. आणि वर एक दिवस लंघन, काडी घालायची नाही. बहुतेक जनावरं संध्याकाळपर्यंत ताळ्यावर यायची. मालक पाया पडायचे, कोणी तांदूळ आणून द्यायचं, कोणी कोंबडी. आमच्याकडं माणसाचं पोट बिघडलं तरी हेच करतात. लंघन कर, पोट जागेवर येईल. मला दुसरं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार असेल. भातसानगरच्या कॉलनीत धरणावरच्या एका साहेबांच्या कुत्र्याला गोचिडांनी खाल्लं होतं. मी दोन-तीनदा जाऊन औषध लावून आलो. साहेबांच्या बाईंनी ससे पाळले होते. निघताना त्यांनी बुटांच्या खोक्यात घालून तीन पिल्लं मला दिली. दोन पांढरी, एक राखाडी. मुठीत मावतील एवढी. बाई म्हणाल्या, अजून आईला पितात, आठवडा-दोन आठवडे थांबून न्या ना. मी म्हणालो, "बाई, जनावरांत जन्म गेला माझा." आणि खोकं सायकलच्या कॅरियरला बांधून निघालो. मुलीनं खोकं उघडलं तेव्हाचं तिचं तोंड मला अजून दिसतं. आमची एकुलती एक, लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. ती ओरडली नाही, नाचली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा, हे काय खातात?"

"आपण खातो ते सगळं," मी म्हणालो.

आमचा मुलूख भाताचा. पोटात भात गेला तर माणूस जेवला. चार भाकऱ्या खाल्लेल्यालाही आमच्याकडं विचारतात, जेवलास का रं? त्यामुळं घरातलं जनावर जेवलं पाहिजे म्हणजे त्यानं भात खाल्ला पाहिजे, हे आम्हांला कोणी शिकवायची गरज नव्हती. मांजर भात खायचं, कुत्रा भात खायचा. सशांनाही सकाळ-संध्याकाळ दूधभात कालवून बशीत ठेवला. मधल्या वेळेला बिस्कीट, कोबीचं पान, केळ्याचा तुकडा, शेजारणीनं आणलेली गोड शेव. बायकोनं एकदा विचारलं, "अवो, गवत नको काय घालायला?" दिवाळीच्या आधीचे ते दिवस. माळावरचं गवत कापून, वाळवून लोक गंजी रचत होते. मुंबईकडच्या तबेल्यांना ते गवत ट्रकनं जायचं. आमच्या शेजाऱ्यानं जागा मागून एक गंज आमच्याच भिंतीला टेकून रचली होती. मी बायकोला म्हणालो, "गवत गुरांना. ही घरातली पोरं हायत, त्यांना गवत घालून काय लाज काढतेस?" ती हसली. मीही हसलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक पांढरं पिल्लू हगवणीनं मेलं. मागचे पाय घाण, वास येत होता. मी दवाखान्यातून वासरांच्या हगवणीची गोळी आणून चिमूटभर पाजली होती. दुसऱ्या पांढऱ्यालाही आधीच खबरदारी म्हणून पाजली. ते दोन दिवसांनी मेलं. मुलगी रडायला लागली तेव्हा मी तिला दटावलं. "गप. रोज मरतात माझ्यासमोर. त्यांच्यासाठी रडत बसलो असतो तर तुला कोणी खायला घातलं असतं?" दोन्ही पिल्लं मी पायताणाच्या टोकानं सुपात ढकलली आणि मागच्या ओढ्यात टाकून आलो. हातही लावला नाही. ती दारात उभी राहून बघत होती, ते मला माहीत होतं.

उरलं राखाडी. मुलीनं त्याचं नाव ठेवलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. ते नाव आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि त्याच्यासमोर पालथी पडायची. ते काय करतं, कुठं बसतं, कधी कान मागं टाकतं, सगळं तिला पाठ. एक दिवस सकाळी तोंडही न धुता माझ्याकडं आली. "बाबा, ते आपलीच लेंडी खातं. दिवसाची टाकतं ती टणक असते, ती नाय खात. पहाटेची मऊ असते, द्राक्षांच्या घोसासारखी, ती खाली पडूच देत नाय. तोंड मागं नेऊन तिथूनच खातं."

नऊ वर्षांच्या पोरीनं एवढं बारीक पाहिलं होतं! आज वाटतं, तिला तेव्हाच उचलून घ्यायला हवं होतं. मी काय केलं? म्हणालो, "शी! वाईट खोड आहे. मोडायला पाहिजे." वासरू दुधावरून तोडायचं तर आम्ही गाईच्या आचळांना कडुनिंबाचा पाला वाटून फासतो. वासरू तोंड लावतं, थू थू करतं, चार दिवसांत सवय सुटते. मी पाट्यावर पाला वाटला आणि सशाच्या शेपटीखाली चांगला जाड थर दिला. बायको म्हणाली, एवढासा जीव आहे. मी म्हणालो, "शेण खाणारं जनावर मी घरात ठेवणार नाय." रोज सकाळी फासायचं काम मुलीलाच लावलं. ती तोंड फिरवून फासायची. चार-पाच दिवसांत सशाच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी म्हटलं, अंगात घातलेलं लागत नाही, भात वाढवा.

त्यात तुळशीचं लग्न आलं. आमच्या अंगणात आळीतली सगळी माणसं जमली. मंगलाष्टका झाल्या, चुरमुरे, गूळ-पोहे, उसाची कांडकी वाटली. ससा हा सगळ्यांचा खेळ झाला होता. ज्यानं त्यानं हातातलं त्याच्यापुढं केलं. "खातो बघ, खातो बघ!" करत बायकापोरांनी त्याला गूळ-पोहे चारले. मुलगी मध्ये मध्ये म्हणत होती, "पुरे, पुरे ना," तर मीच तिला म्हणालो, "खाऊ दे गो, आज लग्न हाय." लोकांना माझा ससा कौतुकाचा वाटत होता आणि मला ते कौतुक हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. अंग आक्रसलेलं, डोळे अर्धे मिटलेले. जवळ कान नेला तर दातावर दात घासल्याचा आवाज येत होता. पोट बघतो तर टम्म. टिचकी मारली, पोकळ आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला म्हटलं तरी चालेल. हगवण असती तर हात टेकले असते, पण फुगलंय म्हणजे आपलंच काम!

मी खरंच तसं म्हणालो. मुलीला म्हणालो, "रडू नको. फुगलाय नुसता. उद्या उड्या मारेल."

हिंग घातलेलं गोडं तेल चमच्यानं त्याच्या घशात ओतलं. त्याला ठसका लागला, तेल नाकातून बाहेर आलं. मग बाभळीची काडीपेटीच्या काडीएवढी बारीक डहाळी तासली, ती त्याच्या तोंडात आडवी घातली आणि कानांमागून दोऱ्यानं गाठ मारली. सशाला शिंगं नाहीत, म्हणून कान. त्याचा ओठ मागं ओढला गेला आणि दात उघडे पडले. तेवढ्यात शेजारचे दोघं शेतकरी गवताच्या गंजीवर आले होते, त्यांना मी हाक मारून दाखवलं. "बघा, बैलाचा इलाज, पण सशाच्या मापात." ते म्हणाले, "वा डॉक्टर! कायपण डोकं चालतं तुमचं." मुलीला बजावलं, "उद्या सकाळपर्यंत काय घालायचं नाय. पाणी पण नाय. ऐकू आलं?" तिनं मान हलवली. मी दवाखान्यात गेलो.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. डॉक्टरांचा वार नव्हता, पण खोड्यात एक म्हैस होती आणि पाच-सहा माणसं अंगणात बसली होती. मी म्हशीच्या खुराची पट्टी बांधत होतो. मुलगी पळत आली. पायांत चपला नाहीत, रस्त्याची धूळ गुडघ्यापर्यंत. दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरलेली. "बाबा! बाबा, लेंड्या टाकल्या त्यानं! बघा!"

ओंजळीत सात-आठ लेंड्या होत्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण होत्या. धापा टाकत तिनं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. काडीमुळं त्याच्या तोंडातून रक्त येत होतं म्हणून तिनं दोरा सोडला. तो गंजीकडं गेला, आपणहून. गंजीतली गवताची एक वाळकी काडी त्यानं ओढून खाल्ली. मग दुसरी. मग तिनं मूठभर उपसून पुढं ठेवलं, बशीत पाणी ठेवलं. मग त्यानं लेंड्या टाकल्या आणि अंग ताणलं, मांजरासारखं. "आता पोट मऊ लागतंय, बाबा."

अंगणातला एक म्हातारा खो खो हसला. म्हणाला, "डॉक्टर, पोरगी तुमच्या वर निघाली! आता आमी तिच्याकडंच येतो." बाकीचेही हसले. काही वाईट मनानं हसले नसतील. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळीच मी दोघांना दाखवलं होतं, बैलाचा इलाज सशाच्या मापात, आणि दुपारी ही भर अंगणात त्याची वाट लावून लेंड्या दाखवत होती. मी म्हशीचा पाय सोडला आणि तिच्या कानाखाली काढली. ओंजळ उघडली गेली, लेंड्या मातीत पडल्या. ती रडली नाही. खाली बसून त्या गोळा करायला लागली. मी तिचा दंड धरून तिला तशीच ओढत घरी नेली.

घरी ससा गंजीपाशी बसला होता. गवताची काडी तोंडातून हळूहळू आत जात होती. कान वर होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आज मला कोणी विचारलं की तुला खरंच कळलं नव्हतं का, तर मी काय सांगू? जनावर बरं व्हायला लागलं की ते ओळखायचा मला वीस वर्षांचा सराव होता. सकाळपेक्षा तो बरा दिसत होता. पण आता तो गवतानं बरा झाला असता तर मी काय राहिलो असतो? मी त्याच्या तोंडातली काडी उपटली. डहाळी परत बांधली, या वेळी घट्ट. पाण्याची बशी उपडी केली. त्याच्यावर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर पाटा ठेवला. बायको आडवी आली, म्हणाली, "अवो, खात होता तो, खाऊ द्या ना!" मी तिला म्हणालो, "तू पण शिकव आता मला." मुलगी संध्याकाळपर्यंत टोपलीशेजारी बसून होती. टोपलीच्या विणीतून बोट आत घालून बसली होती. मी दोनदा बोट बाहेर काढायला लावलं.

सकाळी टोपली उचलली तर तो ताठ झाला होता. पोट पुन्हा फुगलेलं, डहाळी दातांत तशीच.

मुलगी माझ्याकडं बघत होती. त्या बघण्याचा मला राग आला. मी म्हणालो, "गवत घातलंस ना? फुगलेल्या जनावराला गवत? आता बघ. पोटात कुजलं ते. मी सांगितलं होतं काय घालू नको. मी वाचवला होता, तू मारलास."

"मी थोडंसंच घातलं, बाबा."

"तेवढंच पुरलं."

एवढं बोलून मी अंघोळीला गेलो. बायको चुलीपुढं बसून ऐकत होती. ती मला एवढंच म्हणाली, "पोरीला असं नव्हतं बोलायचं." मी म्हणालो, शिकेल.

ती शिकली. त्या दिवसापासून तिनं कोणत्याही जनावराला हातानं काही घातलं नाही. शेजारची गाय दारात आली तर भाकरी आईच्या हातात द्यायची, आई तू घाल. बैलपोळ्याला आळीतली पोरं बैलांना पुरणपोळी भरवायची, ही मागं उभी. मावशीच्या तान्ह्या बाळाला चमच्यानं पाणी पाज म्हटलं तर चमचा खाली ठेवून निघून गेली. लोक म्हणायचे, पोरगी भित्री आहे. मी म्हणायचो, स्वभाव एकेकाचा. एकदा, ती पंधरा-सोळाची असताना, मी तिला बायकोशी बोलताना ऐकलं. "आई, बाबांनी तेव्हा एवढं सांगून पण मी ऐकलं नाय ना गो." मी पडवीत होतो. आत जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. पण माझी माझ्या इलाजावर अजून श्रद्धा होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. तिचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, आटगावच्या बाजूला दिली. पोरगी झाली.

मग माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना आमच्याकडं एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्या रोज यायच्या आणि मला काका म्हणायच्या. एकदा एक मास्तर पिशवीतून ससा घेऊन आले. पाठीची कमान, अर्धे डोळे, दातावर दात. मी बघताक्षणी ओळखलं. बाईंनी पोट चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उपाशी ठेवलाय का याला?" मास्तर म्हणाले, "हो, कालपासून. पोट बिघडलंय म्हणून लंघन." बाई एवढ्या चिडल्या! "सशाचं पोट कधी रिकामं ठेवायचं नसतं. त्याचं आतडं चालू राहायला सारखी काडी लागते. थांबलं की संपला. वाळलेलं गवत, दुसरं काही नाही. भात, बिस्कीट, गूळ, यानंच तर होतं हे. त्यात पिल्लं तर फारच नाजूक. आणि त्याची मऊ लेंडी त्याला खाऊ द्यायची, ती घाण नाही, त्यातून त्याला सत्त्व मिळतं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काका, मागं तबेल्यांना जायचं गवत रचलंय ना, मूठभर आणा."

मी गवत आणायला गेलो आणि तिथंच बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. बाईंनी दोनदा हाक मारली. मास्तरांचा ससा त्यांनी पातळ औषध आणि गवत देऊन बरा केला, तिसऱ्या दिवशी मास्तर पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला नाही. बाई म्हणाल्या, काका, शुगर आहे का? मी हो म्हणालो.

मुलीला हे सांगायला मला वर्ष लागलं. वर्षभर ती चार वेळा तरी माहेरी आली असेल. प्रत्येक वेळी उद्या सांगू म्हणायचो. शेवटी दोन हजार नऊच्या सुमारास, पावसाळा संपता संपता ती चार वर्षांच्या नातीला घेऊन राहायला आली. दुपारी दोघी मायलेकी पडवीत पोहे निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो आणि आडवळण न घेता बोललो. म्हणालो, "तो ससा तुझ्यामुळं नाय मेला. तू घातलंस ते गवतच बरोबर होतं. तुझ्या गवतानं तो बरा झाला होता. मी ते काढून घेतलं आणि मी मारला. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि खरं विचारशील तर त्या दिवशी पण मला थोडं कळलं होतं."

तिच्या हातातलं सूप थांबलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

मग मुलगी हसली. मायेनं हसली, म्हाताऱ्या माणसाला बघून हसतात तशी. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, इतक्या वर्षांनी अजून तेच घेऊन बसलाय होय? माझ्यासाठी उगाच खोटं बोलू नका. लहान होते मी, नाय कळलं मला. तुमी किती धडपडलात त्याला वाचवायला, मला आठवतं सगळं."

"अगं, खरं सांगतोय मी!"

"बरं बरं," ती म्हणाली. "किती जीव लावता हो तुमी मला." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

मी परत सांगितलं. तिच्या आईनंही सांगितलं, खरं बोलतायत ते. ती आईलाही म्हणाली, तुमी दोघं मिळून ठरवलंय वाटतं. मी आयुष्यभर तिच्यापुढं ज्या ठसक्यात बोललो, त्या ठसक्यातलं तिनं सगळं खरं मानलं होतं. आज पहिल्यांदा आवाज खाली करून बोललो तर तिला वाटलं बाप समजूत घालतोय. मी मारलेल्या जनावरासाठी माझी पोर माझी माया मोजत बसली होती. याच्यापेक्षा तिनं माझ्या तोंडावर सूप फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शेळी अंगणात आली होती, मागं एक करडू. नातीनं फणसाचं पान उचललं आणि करडाच्या तोंडापुढं धरलं. करडानं नाक पुढं केलं. मुलगी घरातून धावत आली आणि पोरीचा हात मागं ओढला. "नको गो बाय! आपल्या हातचं नाय सोसत मुक्या जनावराला. आजीला दे, आजी घालेल."

माझं डोकं फिरलं. "अगं घालू दे तिला!" मी ओरडलो. मायेनंच ओरडलो, पण माझा आवाज आयुष्यभर खोड्यातल्या जनावरांवर ओरडून तयार झालेला. पोर दचकली. पान हातातून सुटलं, करडानं ते जमिनीवरून उचललं आणि खायला लागलं. नात माझ्याकडं बघत दोन पावलं मागं सरकली. दोन्ही हात तिनं पाठीमागं लपवले होते.

"मी नाय घातलं, आजोबा," ती म्हणाली. "आपोआप पडलं."